पासिंग बीडचे, फड परमुलखात

दसरा-दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या भागांतून ट्रक-ट्रॅक्टर निघू लागतात. मागे कोयते, भांडीकुंडी, पोरेबाळे, कधी दोन शेळ्यासुद्धा. ऊसतोड टोळ्या सांगली-कोल्हापुरात आणि सीमेपलीकडे बेळगाव जिल्ह्यात पोचतात, तेव्हा पहिला प्रश्न असतो, 'गाडी कुठली पासिंग?' उत्तर पाटीवरच लिहिलेले : एमएच-२३. गंमत अशी, की चिकोडीच्या गाड्यांवर केए-२३ असते. आकडा एकच, मुलूख दुसरा!

ही पाटी आली कुठून? १८९३ मध्ये पॅरिसच्या पोलिसांनी मोटारींना ओळखपाटीची सक्ती केली. इंग्लंडने १९०३ च्या कायद्यात नंबर सक्तीचा केला आणि त्याच कायद्यात वेगाची मर्यादा ताशी २० मैल ठरवली. धूळ उडवत पसार झालेली मोटार सापडावी, हा हेतू. नंबर आणि दंड ही अशी जुळी भावंडे.

ब्रिटिश हिंदुस्थानात १९१४ चा आणि मग १९३९ चा मोटार कायदा आला. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. तिथला कारभार वेगळा. १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वे खात्याने २७ गाड्यांनिशी बससेवा सुरू केली, ती याच राजवटीतली. १९४८ मध्ये संस्थान भारतात आले, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. उंबरठा न ओलांडता बीडकराचे राज्य बदलत गेले.

१९८८ चा कायदा सांगतो, की गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक ठेवली तर तिथला नंबर घ्यावा. (परदेशी जाणाऱ्याला मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही वर्षाचाच!) पण उसाचा हंगाम पाच-सहा महिन्यांचा. पट्टा पडला की गाडी गावाकडे. वर्ष कधी भरतच नाही. दरवर्षी निम्मा काळ बाहेर काढूनही कागदोपत्री माणूस बीडचाच.

दंड मात्र जिथे गाडी तिथे. अतिवेगाला पूर्वी पहिल्या खेपेस ४०० रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने हलक्या वाहनाला एक ते दोन हजार, मध्यम व अवजड वाहनाला दोन ते चार हजार झाला. आता ई-चलन मालकाच्या मोबाईलवर येते. सुकाणू धरणारा फडावर, मालक गावी, आणि रक्कम कुणाच्या हिशेबात धरायची याचा वाद उचलीच्या वहीत. पिढ्यान्पिढ्या परमुलखात राबणाऱ्याला हे सोसावे लागते, हे मला पटत नाही.

सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' मालिका आली. बदली झाली तरी नंबर बदलायला नको. ती मिळते सैन्यदलातल्या व सरकारी नोकरांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांच्या नोकरांना. तीही फक्त खासगी वापराच्या गाडीसाठी. उसाच्या ट्रकला ती लागू नाही.