शिफ्ट किट
मोटारगाडीच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये गिअर ठामपणे व कमी वेळात बदलावा, यासाठी बसवला जाणारा सुट्या भागांचा संच. जनरल मोटर्सच्या टर्बो हायड्रामॅटिक 400 (1964) या तीन गिअरच्या गिअरबॉक्सला तो अमेरिकेत सर्रास बसवतात. कारखान्यातून निघताना गिअरबदल मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. प्रवाशांना धक्का जाणवू नये म्हणून क्लच क्षणभर घसरू दिला जातो. या घसरणीत उष्णता निर्माण होते आणि क्लचची अस्तरे झिजतात. संचातील स्प्रिंगांमुळे तेलाचा दाब वाढतो व ॲक्युम्युलेटरची धक्का शोषण्याची क्रिया कमी होते. तेल क्लचकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्ह बॉडीलगतच्या विभाजक पत्र्यातील छिद्रे ड्रिलने मोठी केली की क्लचपर्यंत तेल लवकर पोहोचते. मात्र छिद्र जरा जास्तच मोठे झाले, तर प्रत्येक बदलाला गाडी हिसका देते. मग सहसा पत्राच बदलावा लागतो. उत्साही हौशी मंडळी नेमकी इथेच फसतात. किट बसवण्यासाठी तेलपात्र उतरवले की गाळणी, गॅस्केट व तेल नवे घालणे ओघाने आलेच. निघालेले तेल काळपट व जळक्या वासाचे असेल, तर आधी क्लच तपासावेत. झिजलेल्या क्लचला किट तारत नाही. तेलाची पातळी तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून व गाडी पार्कमध्ये ठेवून पाहतात.