रखमाबाईंचा नकार

मंडळी, ह्या वीकेंडला एका जुन्या खटल्याबद्दल लिहितोय. खटला जुना असला तरी विषय आपल्याच वयाच्या लोकांचा आहे. प्रेम, नातं आणि नकार. आयटीतल्या पोरांच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "तीन वर्षं इन्व्हेस्ट केली यार, आणि आता म्हणते नको!" म्हणजे नातं ही जणू रिकरिंग डिपॉझिट. हप्ते भरले, आता माल द्या. हाच हिशोब १८८४ साली मुंबई हायकोर्टापुढे मांडला गेला होता.

तर झालं असं. रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा, मुंबईतला. वडील त्या लहान असतानाच गेले. आई जयंतीबाई, त्यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजींशी लावून दिलं गेलं. पण त्या नांदायला गेल्याच नाहीत. सावत्र वडिलांच्या घरी राहिल्या, वाचत राहिल्या, शिकत राहिल्या. मोठ्या झाल्यावर त्यांनी सरळ सांगितलं की ह्या माणसाबरोबर मला संसार करायचा नाही.

दादाजींनी दावा ठोकला. दाव्याचं नाव भारदस्त, 'वैवाहिक हक्कांची पुनःस्थापना'. साध्या मराठीत, माझी बायको माझ्या घरी पाठवा.

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. त्यांचा एक मुद्दा मला प्रोग्रामर म्हणून फारच आवडतो. पुनःस्थापना कशाची करायची? दोघं एकत्र कधी राहिलेच नाहीत! बॅकअपच घेतलेला नसेल तर रिस्टोअर काय करणार? शिवाय हा असला दावा हिंदू धर्मशास्त्रातला नव्हे, इंग्लंडहून आयात केलेला. आणि गंमत बघा, त्याच इंग्लंडमध्ये असा हुकूम न पाळणाऱ्याला तुरुंगात टाकण्याची तरतूद १८८४ सालीच रद्द झाली होती. इथे मात्र ती चालू.

निकालावर गदारोळ झाला. टिळकांच्या 'केसरी'ने टीका केली, बेहरामजी मलबारींसारखे सुधारक रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले. खुद्द रखमाबाईंनी 'अ हिंदू लेडी' ह्या टोपणनावाने 'टाइम्स ऑफ इंडिया'त बालविवाहावर पत्रं लिहिली. दादाजी अपिलात गेले, १८८६ साली पिन्हींचा निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला. महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंचं उत्तर होतं, तुरुंगात जाईन. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या.

शेवटी १८८८ साली तडजोड झाली. दादाजींनी दोन हजार रुपये घेतले आणि हक्क सोडला. रखमाबाई १८८९ साली इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत, राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षं बायकांवर उपचार केले. १९५५ साली त्या गेल्या.

आता ह्यात आपल्यासाठी काय आहे? मला दादाजींचाही विचार करावासा वाटतो. लग्न त्यांनीही काही प्रेमात पडून केलं नव्हतं, वडीलधाऱ्यांनी लावलं होतं. चारचौघांत नाचक्की झाली असणार, राग आला असणार. तो राग समजू शकतो. पण क्षणभर धरून चाला की हुकूमाची अंमलबजावणी झाली असती. पोलीस रखमाबाईंना दारात आणून सोडून गेले असते. मग? घरात एक माणूस वाढला असता, सोबत मिळाली नसती. कोर्ट देह पाठवू शकतं, मन कुठून पाठवणार?

नात्याबद्दलचा निरोगी विचार म्हणजे माझ्या मते एवढाच, की समोरच्याचा 'हो' हा दरवेळी त्याचा स्वतःचा असतो. त्यावर आपली थकबाकी नसते. आपण दिलेला वेळ, फोन, गिफ्ट, रात्री अडीचला ऐकून घेतलेली रडगाणी, हे सगळं आपण आपल्या खुशीने दिलेलं असतं. नकार आल्यावर दुखतं, भरपूर दुखतं, त्याला इलाज नाही. पण दुखणं वेगळं आणि फसवणूक झाली असं मानणं वेगळं. दुखणं हळूहळू उतरतं. फसवणूक झाली असं धरून बसलं की माणूस वसुलीला निघतो. मग सतत मेसेज, मैत्रिणींमार्फत दबाव, तिच्या ऑफिसखाली उभं राहणं. आणि हे मुलग्यांपुरतं नाही, मुलींनाही तितकंच लागू आहे.

दुसरी बाजूही बघा. जी व्यक्ती 'नाही' म्हणू शकते, तिच्याच 'हो'ला किंमत असते. धाकाने, उपकाराखाली दबून किंवा लोक काय म्हणतील म्हणून मिळालेला होकार घेऊन आपण नक्की काय करणार?

जाता जाता, तो दावा अजून आपल्या पुस्तकात आहे बरं का. हिंदू विवाह कायदा, १९५५, कलम ९. आंध्र प्रदेश हायकोर्टाने १९८३ साली ते घटनाबाह्य ठरवलं, पण पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने वैध ठरवलं. असो. कायद्याचं काय व्हायचं ते होईल. आपल्या डोक्यातलं कलम ९ रद्द करायला मात्र कुठल्याही कोर्टाची परवानगी लागत नाही.