दोन मिलिमीटरचे अंतर

लेन्स बदलता येणाऱ्या प्रत्येक कॅमेऱ्याच्या तोंडाशी धातूचे एक गोल कडे असते. त्याला माउंट म्हणतात. दुकानात उभा असलेला हौशी छायाचित्रकार मेगापिक्सेल पाहतो, बॉडी हातात घेऊन वजन जोखतो, किमतींची तुलना करतो. पण तो खरे तर या कड्याची निवड करत असतो. डिजिटल बॉडी काही वर्षांत मागे पडते, चांगली लेन्स मात्र दोन-तीन दशके सहज काम देते. एकदा घरात तीन-चार लेन्स जमल्या की पुढची बॉडी कोणत्या कंपनीची घ्यायची हे त्या लेन्सच ठरवतात.

माउंटाची दोन मापे महत्त्वाची असतात. एक कड्याचा व्यास आणि दुसरे कड्यापासून फिल्मपर्यंतचे किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर. यातले दुसरे माप अधिक निर्णायक आहे. ज्या लेन्सला जास्त अंतर लागते ती कमी अंतराच्या बॉडीवर मधे एक पोकळ अ‍ॅडॅप्टर घालून बसवता येते. उलट करायचे तर लेन्स बॉडीच्या आत शिरायला हवी. ते जमत नाही आणि मग दूरचे दृश्य स्पष्ट येत नाही.

माउंटांच्या या इतिहासाची सुरुवात जर्मनीत होते. ऑस्कर बार्नाक यांनी घडवलेला लायका कॅमेरा १९२५ मध्ये लाइपझिगच्या जत्रेत लोकांसमोर आला. १९३१ पासून त्याच्या लेन्ससाठी ३९ मिलिमीटर व्यासाचे आटे आणि २८.८ मिलिमीटरचे अंतर अशी मापे पक्की झाली. त्यामुळे कोणतीही लेन्स कोणत्याही बॉडीवर बसू लागली. पुढे जपान आणि सोव्हिएत संघातल्या कारखान्यांनीही हेच आटे उचलले. आरशाचा कॅमेरा आल्यावर मात्र हे अंतर अपुरे पडले. लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये तिरका आरसा वर-खाली व्हायचा, तर त्याला जागा हवी. म्हणून आरशाच्या कॅमेऱ्यांचे अंतर चाळीस मिलिमीटरच्या पुढे गेले आणि पुढे अर्धशतकभर तिथेच राहिले.

ड्रेस्डेनमध्ये १९४९ साली आलेल्या कॉन्टॅक्स एस या कॅमेऱ्याला ४२ मिलिमीटरचे आटे होते. प्राक्टिका, पेंटॅक्स, झेनिट अशा अनेकांनी ते स्वीकारले आणि एम ४२ हा जवळजवळ सार्वजनिक माउंट झाला. ग्राहकाच्या दृष्टीने यासारखी सोय पुन्हा फारशी झाली नाही. आट्यांना अडचण मात्र होती. लेन्स फिरवून घट्ट करताना ती शेवटी नेमकी कोणत्या जागी थांबेल याची खात्री नसे. त्यामुळे लेन्समधल्या प्रकाश-छिद्राचा आकार बॉडीला कळवणारा दांडा बसवणे अवघड जाई. खाचांत अडकवून जरा फिरवले की ‘टक्’ करून बसणारा बायोनेट माउंट या बाबतीत सरस होता. पेंटॅक्सनेही १९७५ मध्ये आटे सोडून के माउंट घेतला.

निकॉनचा एफ माउंट १९५९ मध्ये आला. अंतर ४६.५ मिलिमीटर, आतला व्यास ४४ मिलिमीटर. कॅननची एफडी मालिका १९७१ ची, तिचे अंतर ४२ मिलिमीटर. १९८५ मध्ये मिनोल्टा ७००० हा कॅमेरा स्वतः फोकस करू लागला आणि या दोन्ही कंपन्यांपुढे पेच उभा राहिला. निकॉनने जुने कडे राखले. मोटर बॉडीत ठेवली आणि पेचकसाच्या टोकासारख्या दांड्याने लेन्समधली यंत्रणा फिरवली. कॅननने १९८७ मध्ये ईओएस ६५० सोबत ईएफ हा अगदी नवा माउंट आणला. व्यास ५४ मिलिमीटर, मोटर प्रत्येक लेन्समध्ये, आणि लेन्स-बॉडीतला सगळा संवाद विजेच्या संपर्कबिंदूंतून. एकही यांत्रिक दांडा नाही. अंतर ठेवले ४४ मिलिमीटर, म्हणजे एफडीपेक्षा दोनच मिलिमीटर जास्त. पण या दोन मिलिमीटरमुळे एफडीच्या लेन्स साध्या अ‍ॅडॅप्टरने ईओएसवर दूरचे दृश्य टिपू शकेनात. वर्षानुवर्षे पैसे साठवून लेन्स जमवलेल्या माणसावर हा सरळ अन्याय होता. तंत्राच्या हिशेबाने मात्र कॅननचा निर्णय बरोबर निघाला. पुढे फोकसची मोटर लेन्समध्येच ठेवण्याकडे सगळे वळले, निकॉनसुद्धा.

मोटर कुठे ठेवायची हा जुना निर्णय डिजिटल युगाने हौशी माणसाच्या दारात आणून ठेवला. पहिले डिजिटल कॅमेरे जुन्याच माउंटांवर उभे राहिले. १९९१ चा कोडॅकचा डीसीएस निकॉन एफ३ च्या बॉडीवर बांधलेला होता. १९९९ मध्ये निकॉन डी१ आणि २००० मध्ये कॅनन डी३० आले. सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान असल्याने ५० मिलिमीटरच्या लेन्समधून निकॉनवर ७५ आणि कॅननवर ८० मिलिमीटरच्या लेन्सइतकेच अरुंद दृश्य दिसे. कॅननच्या ३००डी ने २००३ मध्ये किंमत हौशी लोकांच्या आवाक्यात आणली. निकॉनने २००६ मध्ये डी४० काढला तेव्हा बॉडीतली मोटरच वगळली. जुन्या लेन्स त्यावर बसत, छायाचित्रही येई, पण फोकस हाताने करावा लागे. ‘लेन्स बसते’ आणि ‘लेन्स चालते’ यांतला फरक अनेकांना खरेदीनंतर कळला.

२००८ मध्ये ऑलिंपस आणि पॅनासॉनिकने मायक्रो फोर थर्ड्स माउंट जाहीर केला आणि त्याच वर्षी पॅनासॉनिकचा जी१ आला. त्यातून आरसाच गेला. अंतर एकदम १९.२५ मिलिमीटरवर उतरले. सोनीच्या ई माउंटाचे अंतर १८ (२०१०), फुजीफिल्मच्या एक्सचे १७.७ (२०१२), आणि २०१८ मध्ये आलेल्या निकॉन झेडचे १६ व कॅनन आरएफचे २० मिलिमीटर आहे. एवढ्या मोकळ्या जागेत अ‍ॅडॅप्टर सहज मावतो. म्हणून एफडीच्या, एम ४२ च्या, लायकाच्या आट्यांच्या लेन्स कपाटांतून बाहेर आल्या. फोकस हाताने करावा लागतो, पण काच पुन्हा कामाला लागली.

दुसरा प्रश्न इतर उत्पादकांना आपल्या माउंटासाठी लेन्स बनवू देण्याच्या परवानगीचा. सोनीने २०११ मध्ये ई माउंटाची मूलभूत मापे इतर उत्पादकांना विनामूल्य खुली केली. त्यामुळे सिग्मा, टॅमरॉन यांच्या तुलनेने स्वस्त लेन्सचा मोठा साठा सोनीभोवती उभा राहिला. लायका, पॅनासॉनिक आणि सिग्मा यांनी २०१८ मध्ये एल माउंट सामायिक केला. आरएफ मात्र बराच काळ बंद राहिला. मर्यादित पैशांत माउंट निवडणाऱ्यासाठी हा मोकळेपणा मेगापिक्सेलपेक्षा मोलाचा आहे.

या काळात काही माउंट अल्पायुषी ठरले. निकॉन १ ही मालिका २०११ मध्ये सुरू होऊन २०१८ मध्ये थांबली. सॅमसंगने आपला एनएक्स माउंट सोडून दिला. कॅननचा लहान कॅमेऱ्यांसाठीचा ईएफ-एम माउंट २०१२ मध्ये आला आणि २०२३ मध्ये त्याचे उत्पादन संपले. त्याचे अंतर १८ मिलिमीटर होते आणि त्याच कंपनीच्या आरएफचे २०. म्हणून ईएफ-एमच्या लेन्स आरएफच्या बॉडीवर चालत नाहीत; १९८७ प्रमाणेच या वेळीही फरक दोन मिलिमीटरचाच आहे.