धोटा, मोमिन आणि आपण

भिवंडीच्या मुसलमानांचा विषय वर्गात निघाला की "ते बाहेरून आलेले" एवढे एकच वाक्य माझ्या विद्यार्थ्यांजवळ असते. कुठून आले, केव्हा आले, का आले असे विचारले की सगळे गप्प. या गप्प बसणाऱ्यांत आपल्या वस्तीतली मुलेही असतात, म्हणून हा लेख.

मोमिन म्हणजे उत्तरेकडचे विणकर, ज्यांना तिकडे जुलाहा म्हणून हिणवीत. मँचेस्टरच्या कापडाने त्यांचा हातमाग बसवला. १८५७ च्या उठावानंतर सरकारी सूड आला आणि दुष्काळ तर होताच. आझमगढ, मऊ, मुबारकपूर, बनारस या भागांतली कुटुंबे दक्षिणेकडे निघाली. मालेगाव आणि भिवंडी ही दोन्ही गावे मुंबई-आग्रा रस्त्यावर आहेत, हे एकदा नकाशात पाहावे. भिवंडीत त्यांच्याआधी कोकणी मुसलमान पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. त्यांची बोली वेगळी, चालीरीती वेगळ्या. मोमिनांशी त्यांची सोयरीक क्वचितच जुळे. पुढे तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, त्यांचे पद्मानगर वसले. म्हणजे ज्याला आपण सरसकट 'मोहल्ला' म्हणतो, तो उपऱ्यांचा आणि जुन्यांचा, एकमेकांना जोखत राहणारा शेजार होता.

मुसलमानांत जात नाही असे आपल्याला सांगितले जाते आणि सांगणारे बहुधा सय्यद-शेखांच्या घरचे असतात. बाबासाहेबांनी पाकिस्तानविषयक ग्रंथात १९०१ च्या बंगालच्या जनगणनेचा दाखला देऊन अश्रफ, अजलाफ आणि अर्झल ही उतरंड उघड केली आहे. जुलाहा अजलाफांत येतो. भंगीकाम करणारा हलालखोर त्याच्याही खाली, अर्झलांत. १९९० साली बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या. हलालखोराच्या वाट्याला त्या आजही नाहीत. हा प्रश्न आपण आपला मानलेला नाही, हे कबूल केले पाहिजे.

आता अडचणीची गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांत साचेखाते हे चांगल्या पगाराचे खाते. तिथे मराठे आणि उत्तरेकडचे हेच जुलाहे यांचे प्राबल्य. कांडी बदलताना सुताचे टोक धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे; त्याला अस्पृश्याची थुंकी लागेल म्हणून महाराला त्या खात्याचे दार बंद. त्याने रिंग खात्यात राबावे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला, तेव्हा कामगारांच्या एकजुटीची भाषा करणाऱ्यांची पंचाईत झाली. माझे पणजोबा रिंग खात्यात होते. आजोबाही रिंग खात्यातच. तोवर बंदी उघडपणे कोणी बोलून दाखवीत नसे, पण भरती नात्यागोत्यातून होई आणि नाती खात्याबाहेर जात नसत. आजोबा म्हणत, "मराठ्याचं सोड. पण त्या मोमिनाला तर तिकडं गावात कुणी खाटेवर बसू देत नव्हतं. त्यानं तरी म्हणायचं होतं, ह्याला येऊ द्या." या वाक्यात राग आहे तितकीच अपेक्षाही आहे, हे मला फार उशिरा कळले.

जानेवारी १९८२ मध्ये गिरणीसंप सुरू झाला. गिरण्यांचे काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळले आणि कामावाचून बसलेल्या घरांतली माणसेही त्यामागे गेली. माझे वडील तेव्हा सतरा वर्षांचे होते. बारा तासांची पाळी, भिस्सीत जेवण, मागाच्या खडखडाटातच झोप. त्यांना माग शिकवला तो मऊकडच्या एका मोमिन कारागिराने. आम्ही त्यांना चाचा म्हणतो. पहिल्या रात्री चाचांनी स्वतः ओढून दाखवलेला धोटा वडिलांच्या हाती दिला आणि म्हणाले, "खींच." चाचा काही सुधारक नव्हते, त्यांना रात्रपाळीला माणूस हवा होता. पण वडील पहिल्यांदा घरी आले तेव्हा आजोबांनी विचारले, "तोंड लावू दिलं?" वडिलांना प्रश्नच समजला नाही.

हे सलोख्याचे गोड चित्र नव्हे. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीनंतर भिवंडी पेटली होती. मादन आयोगाच्या अहवालात ते सविस्तर आहे. १९८४ ला पुन्हा पेटली. वडील चार दिवस मागांच्या शेडमध्ये लपून होते. चाचांच्या मेहुण्याचे दुकान जळाले. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभारल्या. विशेष असे काही नाही, दोन्ही धर्मांच्या शेजाऱ्यांनी एकत्र बसून गटार, नळ, भांडणे यांवर वारंवार बोलायचे. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. वडील अशा बैठकींना जात. ते हिंदूंच्या बाजूला बसत, कारण तिसरी बाजू नव्हती. बौद्धाला कुठे बसवायचे हा प्रश्न ना पोलिसांना पडला, ना वडिलांना.

समित्या म्हणजे तोडगा असेही नाही. ५ जुलै २००६ रोजी कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून भिवंडीत गोळीबार झाला, माणसे मेली आणि नंतर दोन पोलिसांची हत्या झाली. बोलणे थांबले की काय होते हे तिथे दिसले. आणि बोलणे आपल्याही बाजूने थांबलेले आहे. मागच्या वर्षी एका शहरात मी आणि माझे एक मोमिन सहकारी भाड्याने घर शोधत होतो. घरमालकाने त्यांचे नाव ऐकून नकार दिला, माझे आडनाव ऐकून "कळवतो" म्हणाला. जिना उतरताना आम्ही दोघे हसलो, पण आमच्या स्टाफरूममध्ये हेच सांगितले तेव्हा आपल्यातल्याच एकाने "त्यांचं ठीक आहे, पण तुम्हाला का?" असे विचारले.

या सत्रात मी मुलांना घरातल्या वृद्धांकडून 'आपण इथे कसे आलो' हे लिहून आणायला सांगितले आहे. चाचा आता नाहीत. त्यांचा मुलगा वर्गात येऊन बोलायला तयार आहे, फक्त त्याला सकाळी आठचा तास हवा. रात्रपाळी साडेसातला सुटते.