परवान्याची प्रश्नपत्रिका

घरांचा आणि जमिनींचा व्यवहार जुळवून देणाऱ्या माणसाने आधी परीक्षा द्यावी, ही कल्पना आपल्याकडे अगदी अलीकडची. दलाल म्हटला की तोंडाचा गोड, पायांचा चपळ आणि दोन्ही बाजूंची दलाली खिशात घालणारा, अशीच मूर्ती आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. अमेरिकेत मात्र या धंद्याला सरकारी परवान्याचा लगाम लागून शंभर वर्षे उलटून गेली आहेत. विषय वरवर रुक्ष वाटेल. परंतु कोणत्याही धंद्याची प्रश्नपत्रिका नीट वाचली, तर त्या धंद्यात कोण कोणाला नाडत आले हे कळते. आणि तिच्यात जो प्रश्नच नसतो, त्यावरून कोणाच्या दुःखाची दखल कोणी घेतली नाही, हेही कळते. आम्ही येथे कॅलिफोर्निया राज्याचे उदाहरण घेणार आहोत.

१९०८ साली शिकागो येथे जागांच्या व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिने १९१३ साली सभासदांसाठी आचारसंहिता केली. १९१६ साली ‘रिअल्टर’ हा शब्द घडवला गेला आणि तो सभासदांचे बिरुद बनला. १९१७ साली कॅलिफोर्नियाने परवान्याचा कायदा केला. तो न्यायालयात टिकला नाही, तेव्हा १९१९ साली नव्याने केला आणि तो टिकला. हा कायदा व्हावा म्हणून धंद्यातल्या संघटित लोकांनीच खटपट केली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आम्ही जन्मभर कामगार संघटनेत वावरलेली माणसे. आम्हांला यात नवल वाटत नाही. हुन्नर जाणणारे लोक आपल्या धंद्याच्या दाराशी पहारा बसवतात तेव्हा त्यांचे दोन हेतू असतात : एक, लबाडांनी आत शिरू नये, दुसरा, आतल्यांची मिळकत आणि अब्रू शाबूत राहावी. पहिला हेतू उघड सांगितला जातो, दुसरा मनात असतो.

आज त्या राज्यात विक्रेत्याचा परवाना हवा असेल, तर अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात, तीन विषयांचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो आणि १५० प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते. शंभरात सत्तर गुण मिळाले तर उत्तीर्ण. परवाना मिळाल्यावरही त्याला स्वतंत्र दुकान थाटता येत नाही. परवानाधारक दलालाच्या हाताखालीच काम करावे लागते. दिवसभर नोकरी करून रात्री पुस्तक उघडणारे उमेदवार तेथेही असतात. त्यांना मालकी, गहाण, बोजा, वहिवाट, मूल्यमापन, करार हे सारे घोकावे लागते. गिऱ्हाइकाची रक्कम स्वतःच्या पैशांत मिसळू नये, दोन्ही पक्षांचे काम करायचे तर दोघांची संमती घ्यावी, घराचा दोष ठाऊक असेल तर तो सांगावा, हेही घोकावे लागते. यांतला प्रत्येक नियम कोणाच्या तरी बुडालेल्या पैशातून उगवलेला आहे.

एक उदाहरण पाहा. १९७६ साली तेथल्या एका बाईंनी १,७०,००० डॉलर देऊन घर घेतले. घर भरावाच्या जमिनीवर उभे होते, आणि तो भराव नीट दाबलेला नव्हता. पुढे जमीन सरकली, घराची पार दुर्दशा झाली. दलालांच्या माणसांनी उतारावर लावलेली जाळी पाहिली होती, एके ठिकाणची जमीन समतल नाही हेही पाहिले होते. पण कोणी अधिक चौकशी केली नाही. १९८४ साली न्यायालयाने सांगितले की दलालाने नुसते ठाऊक असलेले सांगून भागत नाही, डोळसपणे पाहणीही केली पाहिजे. पुढे विधिमंडळाने ते कर्तव्य कायद्यात घातले. आज उमेदवार जे उत्तर पाठ करतो, त्याच्यामागे ते खचलेले घर उभे आहे.

आता प्रश्नपत्रिकेची दुसरी बाजू. १९२४ साली त्याच राष्ट्रीय संघटनेने आपल्या आचारसंहितेत असे कलम घातले की, ज्यांच्या येण्याने वस्तीतील घरांच्या किमती उतरतील अशा वंशाच्या लोकांना तेथे आणण्यास सभासदाने हातभार लावू नये. म्हणजे भेदभाव हा गुन्हा तर नव्हताच, उलट तो धंद्याचा सदाचार ठरला! कॅलिफोर्नियात १९१३ पासूनच, नागरिकत्वाला अपात्र ठरलेल्या आशियाई लोकांना शेतजमीन विकत घेण्याची बंदी होती. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणसे नागरिकत्वाला अपात्र ठरवली, तेव्हा तेथे घाम गाळणारे पंजाबी शेतकरीही त्या बंदीखाली सापडले.

काळ्या दलालांना ‘रिअल्टर’ म्हणवून घेण्याची वाट बंद होती. त्यांनी १९४७ साली आपली स्वतंत्र संघटना काढली आणि ‘रिअल्टिस्ट’ हे नाव घेतले. १९४८ साली सर्वोच्च न्यायालयाने वंशबंदीचे करार न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. १९५० साली आचारसंहितेतून वंशाचा उल्लेख गेला. उल्लेख गेला, पण वागणूक गेली नाही. १९६३ साली कॅलिफोर्नियाने घरांतील भेदभावाविरुद्ध कायदा केला, तर १९६४ साली राज्यातील जागा-व्यापाऱ्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने सार्वमत घेऊन तो निष्प्रभ करण्यात आला. मतदारांनी त्याला मोठा कौल दिला! अखेर १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते सार्वमत घटनाबाह्य ठरवले. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, आणि आठवड्याच्या आत, ११ एप्रिलला, संघराज्याचा न्याय्य गृहव्यवहाराचा कायदा झाला. राष्ट्रीय संघटनेने आपल्या पूर्वेतिहासाबद्दल माफी मागितली ती २०२० साली. आणि १ जानेवारी २०२४ पासून कॅलिफोर्नियातील उमेदवाराच्या अभ्यासक्रमात न्याय्य गृहव्यवहार व मनातले छुपे पूर्वग्रह यांचा पाठ सक्तीचा झाला. एक धडा पुस्तकात शिरायला एवढी वर्षे लागली, आणि तो तेथे पोचवला तो वर्गाबाहेरच्या लोकांनी.

आपल्याकडे २०१६ साली स्थावर संपदेचा कायदा झाला, २०१७ साली महारेरा आले आणि २०२३ सालापासून महाराष्ट्रातील एजंटांना प्रशिक्षण व परीक्षा लागू झाली. चांगलेच झाले. गिरणीतून सुटताना मिळालेली पुंजी घरात घालणाऱ्या माणसाला समोरचा मनुष्य कायदा शिकलेला आहे एवढा तरी भरवसा हवा. पण आपल्या शहरांत जागा मागायला गेलेल्याला नाव, जात, धर्म आणि ताटात काय वाढता, हे आजही विचारले जाते. २००५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादेतील एका पारशी गृहनिर्माण संस्थेला सभासदत्व आपल्या समाजापुरते राखण्याची मुभा दिली. त्या वाटेने पुढे कोणी कोणी जावे, याला मर्यादा घालणारा कायदा आपण केलेला नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच : परीक्षा दलालांची असली तरी प्रश्न काढण्याचा हक्क नागरिकांचा आहे. ‘जात विचारून जागा नाकारणाऱ्या मालकाला तुम्ही काय उत्तर द्याल?’ हा प्रश्न आपल्या प्रश्नपत्रिकेत ठळक अक्षरांत यावा, आणि त्याचे बरोबर उत्तर ठरवणारा कायदाही त्यामागे यावा. कॅलिफोर्नियाचा अनुभव असा की, मागितल्यावाचून असा प्रश्न कोणी छापत नाही.