कुंडाचा तळ : प्रकाशा व नाशिक येथील स्नानजलाचा विचार

नंदुरबार जिल्ह्यातील प्रकाशा हे गाव तापी व गोमाई यांच्या संगमावर वसलेले आहे. १९५५ साली बी. के. थापर यांनी येथे जे उत्खनन केले, त्यावरून या स्थळीची वस्ती ताम्रपाषाणयुगापर्यंत मागे जाते हे सिद्ध झाले. लोकव्यवहारात या गावास 'दक्षिण काशी' म्हणतात, आणि सिंहस्थाचे पर्व नाशिकप्रमाणे येथेही पाळले जाते. पर्व एकच, परंतु दोन्ही ठिकाणचे स्नान मात्र एकाच प्रकारच्या पाण्यात घडत नाही. प्रकाशास यात्रेकरू नदीत उतरतो. नाशकास तो नदीच्याच पात्रात बांधून काढलेल्या कुंडात उतरतो. हा भेद वरवर किरकोळ दिसतो. स्नानाचे पाणी स्वच्छ कशाने राहते, हा प्रश्न विचारला म्हणजे मात्र त्याचे महत्त्व ध्यानात येते.

हा प्रश्न अलीकडे युरोपात निराळ्या वाटेने पुढे आला. १९८० नंतरच्या दशकात ऑस्ट्रियात, व पुढे जर्मनी व स्वित्झर्लंड येथे, घरामागील पोहण्याच्या टाक्यांतील क्लोरीन बंद करून त्यांचे नैसर्गिक तळ्यांत रूपांतर करण्याची पद्धती रूढ झाली. टाकीचा काही भाग, किंवा तिच्यालगतची जागा, उथळ करून तेथे वाळू व खडी भरावयाची, तीत पाणवनस्पती लावावयाच्या आणि पोहण्याच्या भागातील पाणी त्या खडीतून सतत फिरते ठेवावयाचे, अशी ही योजना आहे. खडीवर व मुळांवर वाढणारे सूक्ष्म जीव पाण्यातील मळाचे विघटन करतात. वनस्पती त्यातील पोषकद्रव्ये ओढून घेतात. विशेषतः स्फुरदाची उपासमार झाली की शेवाळ फोफावत नाही. सार्वजनिक तळ्यांसाठी जर्मनीत २००३ साली मार्गदर्शक नियम प्रसिद्ध झाले, आणि स्वित्झर्लंडमधील रीहेन येथे २०१४ साली असे एक सार्वजनिक स्नानगृह खुले झाले. आपल्याकडील लव्हाळा व पाणकणीस यांना हे काम नवे नाही. ओढ्याकाठी ती झाडे ते विनावेतन करीतच असतात.

तथापि या युरोपीय तळ्यास 'नैसर्गिक' म्हणताना एक गोष्ट सहसा विसरली जाते. त्याच्या तळाशी जलरोधक पडदा असतो. पाणी वरून सजीव झाले, तरी भूमीशी त्याचा संबंध तुटलेलाच राहतो. नाशिकचा प्रश्न नेमका येथून सुरू होतो.

रामकुंडाचे बांधकाम १६९६ साली चित्रराव खटारकर यांनी केले, आणि पुढे माधवराव पेशवे यांच्या मातोश्री गोपिकाबाई यांनी त्याची दुरुस्ती करविली, असे जुने गॅझेटिअर सांगते. कुंडाची लांबी सुमारे २७ मीटर व रुंदी सुमारे १२ मीटर आहे. बांधणाऱ्यांनी काठ बांधला, पायऱ्या घडविल्या. तळ मात्र नदीचाच राहिला. वरून गोदावरी वाहत होती आणि खालून झरे पाझरत होते. या दुहेरी पुरवठ्यामुळेच कुंड हे निव्वळ पाणी साठविण्याचे भांडे नव्हते. त्याला भूमीला ठेविलेले एक द्वार म्हणणे अधिक यथार्थ होईल. १९६५ साली वरच्या अंगास गंगापूर धरण पूर्ण झाले व नदीचा प्रवाह धरणातून सोडलेल्या पाण्यावर अवलंबून राहू लागला. वरचा पुरवठा असा माणसाच्या हाती गेल्यावर खालच्या झऱ्यांचे मोल वाढावयास हवे होते. घडले उलटेच. सिंहस्थाच्या गर्दीची सोय म्हणून, विशेषतः २००३ च्या पर्वापूर्वी, पात्राच्या व कुंडांच्या तळावर काँक्रीट ओतण्यात आले.

हे करणाऱ्यांस केवळ अज्ञानी ठरविणे इतिहासास धरून होणार नाही. लक्षावधी माणसे गाळात व निसरड्या खडकावर उतरणार, ही चिंता खरी होती. त्याच पर्वात, २७ ऑगस्ट २००३ रोजी, घाटाकडे जाणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविक मृत्युमुखी पडले. शिवाय उघड्या पाण्याविषयीची शंका आपल्या समाजाने मोठी किंमत देऊन मिळविलेली आहे. बेंटले यांच्या १९११ च्या अहवालाने मुंबईतील हिवतापाचा संबंध तेथील विहिरींत वाढणाऱ्या डासांशी जोडून दाखविला आणि विहिरी झाकण्याचा व बुजविण्याचा उद्योग सुरू झाला. नारूचे उदाहरण तर याहून बोलके आहे. नारूचा रोगी बारवेच्या पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवी. फोडातून सुटलेल्या अळ्या पाण्यातील सायक्लोप्स नावाच्या सूक्ष्म प्राण्याच्या पोटात जात, आणि तेच पाणी पिणाऱ्यास वर्षभराने नारू होई. बारवा बंद करणे व तेथे पायऱ्यांऐवजी रहाट बसविणे हे या रोगाच्या निर्मूलनाचे एक साधन ठरले. भारत नारूमुक्त झाल्याची घोषणा २००० साली झाली. 'जुने ते सारे निर्मळ' असे म्हणणाऱ्यांनी बारवेचे शिल्प पाहताना नारूचीही आठवण ठेवावी.

पण रोगाच्या भयाने काठावर व पायऱ्यांवर इलाज करणे वेगळे आणि तळच बंद करणे वेगळे. काँक्रीटाचा परिणाम २०१६ च्या उन्हाळ्यात दिसून आला. अवर्षणामुळे धरणातून पाणी सुटले नाही, रामकुंड कोरडे पडले, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास त्यात टँकरने पाणी ओतावे लागले. दुष्काळ यापूर्वीही पडले होते. परंतु या खेपेस खालचे दारही लागलेले होते. नदीच्या प्रदूषणाचा प्रश्न त्यापूर्वीच उच्च न्यायालयात गेला होता. तळाचे काँक्रीट काढावे ही मागणीही नाशिककरांनी न्यायालयापर्यंत नेली, आणि २०२० च्या सुमारास स्मार्ट सिटी योजनेखाली काही प्राचीन कुंडांचा तळ उकलण्यास आरंभ झाला. युरोपात टाकीचे तळे करताना पडदा राखून वर वनस्पती आणल्या जातात. येथे पडदा फाडण्यापासूनच सुरुवात करावी लागली.

अर्थात तळ मोकळा झाला म्हणजे पाणी शुद्ध झाले, असे नव्हे. रामकुंडात अस्थी विसर्जित होतात, निर्माल्य व दूध पडते, आणि यांतील स्फुरद व सेंद्रिय द्रव्ये हेच शेवाळाचे अन्न होय. युरोपीय तळ्याचा अनुभव येथे उपयोगी पडतो. जेवढे जलक्षेत्र माणसांसाठी, जवळपास तेवढेच वनस्पतींसाठी, हे तेथील जुन्या पद्धतीचे प्रमाण होते. नाशकात दोन्ही तीर दगडी घाटांनी व्यापलेले असल्याने ती जागा कुंडाजवळ उरलेली नाही. ती शोधावयाची तर वरच्या अंगास, वस्तीचे सांडपाणी नदीस मिळते तेथेच शोधावी लागेल, आणि मुळात ते सांडपाणीही अडवावे लागेल.

प्रकाशास स्थिती निराळी आहे. तेथे तापीवर आता बॅरेज असून पूर्वीच्या वाहत्या पाण्याच्या जागी अडविलेले पाणी उभे असते. मंद पाण्यात गाळ बसतो, उष्णता वाढते. नारू गेला असला तरी डास गेलेला नाही. पण गोमाईच्या मुखाशी जेथे मातीचा काठ अजून उरला असेल, तेथे लव्हाळ्यास व पाणकणसास जागा मिळू शकते. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी घाटांचे नकाशे ज्यांच्या हाती असतील, त्यांनी त्यात पायऱ्यांची संख्या मांडण्यापूर्वी हा काठ कोठून कोठपर्यंत आहे याची मोजणी करून घ्यावी. नाशकास कुंडांचा मूळ तळ किती खोल होता, हे ठरविण्यासाठी काँक्रीट फोडल्यानंतर जुने दगड चाचपावे लागले. प्रकाशाचा काठ आज नुसता चालत जाऊनही मोजता येईल.