शिरेचा शोध

दिवाळीच्या अंकात सुई-सलाइनची गोष्ट काढली, म्हणजे घरातली वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालणार, हे मला ठाऊक आहे. चकलीच्या तुकड्याबरोबर दवाखाना कोणाला गोड लागेल? पण गेल्या वर्षी ऐन वसुबारसेलाच हा विषय माझ्यापुढे येऊन उभा राहिला, आणि तो काही केल्या मनातून जात नाही.

आमच्या गोंदियातल्या घराशेजारी एक नऊ वर्षांची मुलगी राहते. माणसे मूळची देवरीकडची. मुलीला सिकलसेल. हवेत गारवा आला की तिचे हातपाय दुखू लागतात. त्या दिवशी वडील धानाच्या कापणीला गावी गेलेले, म्हणून आईच्या सोबतीला मी दवाखान्यात गेलो. सिस्टरबाई हाताच्या चांगल्या होत्या, तरी चार वेळा सुई टोचून झाली आणि त्या हताश होऊन म्हणाल्या, "नस भेटत नाही, भाऊ." आमच्या भागात वस्तू सापडत नाही, ती 'भेटत' नाही. यावर त्या मुलीने आपण होऊन दुसरा हात पुढे केला. म्हणाली, "इथं पाहा बाई, मागच्या खेपेला इथं भेटली होती."

नऊ वर्षांच्या पोरीला स्वतःच्या शिरांचा असा हिशेब पाठ असावा, हे मला सहन होईना. घरी आल्यावर मी पुस्तके काढून बसलो. दुःख झाले की इतिहासात शिरायचे, ही माझी जुनी खोड.

पाहतो तो तक्रार फार पुरातन निघाली. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सिराव्यधाचा, म्हणजे शीर टोचून रक्त काढण्याचा, एक अख्खा अध्याय आहे. आपण शिरेतून आत घालतो, ते बाहेर काढीत. पण अडचण तीच. शिरा स्वभावतःच चंचल, माशासारख्या उलटतात, त्यांच्या बाबतीत पुरता शिकलेला असा कोणी नाही, असे सुश्रुताने मोकळेपणाने सांगून टाकले आहे. एवढा मोठा शल्यवैद्य, पण कबुली द्यायला कचरला नाही! वर पट्टा बांधून शीर फुगवायची त्याची रीत आजही चालते. पट्टा तेवढा रबराचा झाला.

पुढे इंग्लंडच्या विल्यम हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरणावरचा आपला ग्रंथ छापला. त्यातली चित्रे पाहण्याजोगी आहेत. बांधलेला एक हात, फुगलेल्या शिरा, आणि शिरेवर दाबलेले बोट. बोटाने रक्त पुढे सारले की झडपेमुळे ते मागे येत नाही, एवढे दाखवून त्याने शतकानुशतकांची समजूत मोडली. मात्र त्या प्रयोगाला ठळक शिरांचा हात लागतो. गोऱ्या कातडीखाली निळी शीर सहज दिसते. आमच्याकडच्या उन्हात राबलेल्या सावळ्या हातावर, त्यातून लेकराच्या हातावर, ती दिसेलच असे नाही. शीर डोळ्यांनी दिसणे हे सगळ्यांच्या वाट्याला सारखे कधीच आले नाही. बोटाने चाचपणे तेवढे सर्वांचे.

यातून वाट निघाली ती एका ज्योतिषशास्त्रज्ञाच्या हातून, आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. विल्यम हर्शेल १८०० साली लोलकातून पडलेल्या सप्तरंगांत थर्मामीटर ठेवून कोणता रंग किती तापतो हे पाहत होता. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत वर चढला. हाच तो अवरक्त प्रकाश. तांबड्यालगतच्या या अदृश्य किरणांना कातडीतला काळा रंग फारसा अडवीत नाही. रक्तातले हिमोग्लोबिन मात्र त्यांना शोषून घेते. म्हणजे आतली शीर या प्रकाशात काळी रेघ होऊन दिसावी. कातडी गोरी की काळी, याचे त्याला विशेष सोयरसुतक नाही.

अमेरिकेत मेंफिस येथे टेनेसी विद्यापीठातल्या हर्बर्ट झेमन यांनी हे तत्त्व वापरून शिरेचे चित्र परत त्याच हातावर पाडणारे यंत्र केले. ते धूड मोठे होते. पुढे २००९ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या ॲक्युव्हेन कंपनीचे हातात मावणारे यंत्र आले. वजन पाव किलोहून थोडे जास्त. त्यात दोन लेसर. एक अदृश्य, तो शीर हुडकतो. दुसरा तांबडा, तो सापडलेली शीर कातडीवर रेखून दाखवतो.

आता आमच्या मुलीच्या रोगाचे. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी एका विद्यार्थ्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहिल्या. भारतात हा दोष प्रथम १९५२ साली निलगिरीत नोंदला गेला. आणि १९५८ साली शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलविषयीचा निबंध 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकपत्रात छापला. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते; वेगळा जिल्हा झाला तो १ मे १९९९ ला. विळ्यासारख्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात, कळा सुटतात, सलाइन लागते, कधी रक्त लागते. वारंवार टोचून शिरा निबर होतात, आणि अंगातले पाणी कमी झाले की उरलेल्या दबून बसतात. ज्यांना सुईची गरज सर्वांत जास्त, त्यांचीच शीर भेटत नाही.

माघात त्या मुलीला नागपूरला न्यावे लागले. तिथे ते यंत्र मी प्रथम पाहिले. सिस्टरने ते हातावर धरले, आणि कातडीवर तांबडा चौकोन पडून त्यात काळ्या रेघांचे जाळे उमटले. मुलगी कळा विसरून पाहत राहिली. "बांधीतल्या पाटावानी दिसते," असे ती आईला म्हणाली.

यंत्राची आरती ओवाळावी असे मात्र मला वाटत नाही. सेंटिमीटरभर खोलीपलीकडे त्याला दिसत नाही. शीर किती खोल आहे, निबर आहे की मऊ, हे ते सांगत नाही. मुलांवर घेतलेल्या चाचण्यांतही एकवाक्यता नाही. काहींत पहिल्याच टोचणीत यश येण्याचे प्रमाण त्यामुळे वाढलेले आढळले नाही. त्या सिस्टरनेही चार रेघांतली एक निवडली, आणि मग डोळे बाजूला वळवून बोटाने ती चाचपली. सुश्रुताचा मासा अजून उलटतोच. सुई दुसऱ्या खेपेला बसली.

सलाइन सुरू झाल्यावर मुलीने हट्ट धरला, काकाजींचा हात पाहायचा. सिस्टर हसल्या आणि त्यांनी यंत्र माझ्या मनगटावर धरले. साठी उलटलेला माझा हात, त्यावर दोरखंडासारख्या रेघा. तिने वाकून नीट पाहिले, बोटाने एक एक मोजली, आणि म्हणाली, "काकाजी, तुमच्याजवळ त किती नसा आहेत!"